शिकागावचे मेस्त्री

आमच्या सोसायटीत कोणाकडे नवा फ्रीज आला, की तिसऱ्या मजल्यावरचे मेस्त्रीकाका तो बघायला येतात. चहा नको म्हणतात, पेढा खिशात टाकतात, फ्रीजचं दार उघडतात, आतली जाळी दोन बोटांनी उचलून बघतात आणि निकाल देतात, "माणूस मावता. पण पाय दुमडूक व्हये." मग ज्याने हौसेने फ्रीज आणलेला असतो, त्याची बायको आठवडाभर त्यात दूध ठेवायला कचरते.

फ्रीजचंच असं नाही. बेडखालचा कप्पा, कपाट, प्रवासाची बॅग, गच्चीवरची पाण्याची टाकी, सगळीकडे काकांची नजर एकाच हिशेबाने फिरते. एका रविवारी मच्छीबाजारात कोळीण सुरमई कापत होती. काका तिच्यासमोर उकिडवे बसले आणि कोयता कोणत्या कोनात धरला तर हाड एका घावात तुटतं, हे तिला समजावून सांगू लागले. शिकागावात अशीच एक केस झाली होती म्हणे. कोळणीने कोयता तसाच हातात धरून विचारलं, "म्हाताऱ्या, घेणार हायस का उठतोस?" सगळ्या बोरीवलीत या माणसाला बरोबर ओळखणारी ती एकच बाई, असं माझं बरेच दिवस मत होतं.

आता माझी ओळख. मी परब. दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे बरोबर त्यांच्या पायाखाली राहतो. अंधेरीला एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो, त्यामुळे माणसं काय काय रचून सांगतात ते ऐकण्याचाच मला पगार मिळतो. सोसायटीचा सेक्रेटरीही मीच आहे, कारण दुसरं कोणी तयार होत नाही. देवधर्म, अंगारे, नवस या सगळ्यापासून मी चार हात लांब असतो आणि हे मी लोकांना न विचारता सांगतो.

मेस्त्रीकाका म्हणजे उंचीने बेताचे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, सदऱ्याच्या खिशात कायम दोन पेन्सिली. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची सगळी उमेदवारी आणि सगळी नोकरी गेली. तिथून ते निवृत्त झाले, पण ड्रॉइंग काढायची खोड काही निवृत्त झाली नाही. लिफ्टची वाट बघताना कोणी सापडलं, तर त्याला ते शिकागोतला एखादा खून आधी वरून, मग बाजूने आणि मग समोरून समजावून सांगतात. दार इकडे, खिडकी तिकडे, बाई इथे पडलेली, दोन्हींमधलं अंतर अमुक इतके मिलिमीटर. अमेरिकेतलं प्रेत मिलिमीटरमध्ये मोजणारा हा जगातला पहिला माणूस असावा.

आणि त्या शहराला ते शिकागो म्हणतच नाहीत. शिकागाव म्हणतात. मी निदान पन्नास वेळा दुरुस्त केलं असेल.

"काका, शिकागो. गाव नाही ते. केवढं मोठं शहर आहे."

"माणसा ऱ्हवतत, मरतत. म्हणजे गावच."

पहाडासारख्या इमारती, समुद्राएवढा तलाव, कसली कसली विद्यापीठं, आणि या गृहस्थांनी ते सगळं उचलून कुडाळ आणि सावंतवाडीच्या मधे कुठेतरी नेऊन ठेवलं. तिथे जनावरांच्या कत्तलीचे मोठे कारखाने होते हे कुठेतरी वाचल्यावर तर त्यांना फारच आपलेपणा वाटला. "आपला देवनारच म्हण ना," असं ते मला म्हणाले, मुलीचं सासर बघून आल्यासारख्या सुरात.

बरं, एखाद्याला गुन्हेगारी कथांचा शौक असतो, मान्य. पण निदान तो शौक तरी धड करावा. मेस्त्रीकाकांना खून कोणी केला हे माहीतच नसतं. पहिल्या मजल्यावरच्या कांबळेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, अतिशय हुशार बाई. त्यांना काकांनी एका लाँड्रीत काम करणाऱ्या बाईची केस सांगायला घेतली. तीन दिवस सांगत होते. बाई कुठल्या देशातून आली, लाँड्रीत तिच्या हातांना कसे फोड यायचे, किती वाजता सुटायची, कोणत्या नाक्यावर पेटीत सापडली. चौथ्या दिवशी कांबळेबाईंनी विचारलं, "मग मारलं कोणी हो तिला?"

काका म्हणाले, "मारणाऱ्याचा नाव माका काय करूचा आसा?"

"अहो, म्हणजे पकडला की नाही?"

"पकडलो असतलो. तिच्या मढ्याक कोण इला काय, ता इचारा. कोण इला नाय."

कांबळेबाईंनी पस्तीस वर्षं मुलांची उत्तरं तपासली आहेत. त्या मला म्हणाल्या, परब, इतका अभ्यास करून मुख्य प्रश्नच सोडणारा विद्यार्थी मी पाहिला नाही. त्यानंतर त्या लिफ्ट सोडून जिन्याने जाऊ लागल्या.

एकदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर, ज्येष्ठ सभासद म्हणून काकांना दोन शब्द बोलायला सांगण्याची चूक मी केली. काका उभे राहिले, खिशातली पेन्सिल चाचपली आणि बर्फाच्या कारखान्यात मेलेल्या एका परदेशी मजुराबद्दल पाऊण तास बोलले. पोरांच्या हातातली बिस्किटं तशीच राहिली. शेवटी मी माइक बंद केला, तर म्हणाले, "ऱ्हवदे, मी मोठ्यान बोलतंय."

मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं. म्हटलं, काका, मुंबईत खून होत नाहीत का? आपल्या मागे राष्ट्रीय उद्यान आहे, महिन्यातून एकदा बिबट्या येऊन कुत्रं उचलून नेतो, त्याचं तुम्हांला काही नाही. मग हे सातासमुद्रापलीकडचे मेलेले कशाला उकरत बसता?

"मुंबयचे बगूक मुंबयत माणसा आसत," काका म्हणाले. "थयल्यांका कोण आसा?"

हे उत्तर मी त्या आठवड्यात ऑफिसात चार जणांना सांगितलं आणि चौघेही हसले.

घरी ते एकटेच. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी, वैशाली, नर्सिंग शिकून अमेरिकेला गेली आणि तिथेच तिने लग्न केलं. त्यानंतर ती आलीच नाही. अमेरिकेत नक्की कुठे, हे कोणाला ठाऊक नव्हतं. सगळेच अमेरिकेत गेलेले न्यू जर्सीला असतात, तशी तीही असेल असं आम्ही धरून चाललो होतो. आईच्या दिवसांनाही ती आली नाही. पुढे एकदा तिच्याकडून एक टॅब्लेट आला, त्यावरच काका हे सगळं वाचत आणि बघत बसायचे. घरात असा माणूस असल्यावर मुलगी कशाला येईल, असं मी म्हणत असे, आणि ते लोकांना पटतही असे.

हे सगळं मी मजेत घेत होतो, कारण ते वरच्या मजल्यावर होतं. मग ते माझ्या घरात आलं.

आमची सायली आर्किटेक्चर झाली आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी शिकागोला प्रवेश मिळाला. दोन वर्षं ती पोरगी त्यामागे लागली होती. अर्ज, नमुने, मुलाखती. निकाल आला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसली आणि रडली. आजवर परीक्षेत पडली तरी न रडणारी मुलगी. येत्या शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. शुभदा, म्हणजे माझी बायको, पेढे घेऊन सगळ्या मजल्यांवर फिरली आणि अर्थातच वरही गेली.

पाच मिनिटांत काका तिच्या मागोमाग खाली आले. अभिनंदन वगैरे काही नाही. सायलीसमोर उभे राहून विचारलं, "खयच्या गल्लीत ऱ्हवतलंस गो?"

सायलीने कौतुकाने सांगितलं. चौपन्नावी गल्ली, कॉलेजजवळच, दोन मुलींबरोबर खोली आधीच बोलून ठेवलेली.

काका मनातल्या मनात गल्ल्या मोजू लागले. ओठ हलत होते. मग त्यांचा चेहरा एकदम सैल झाला आणि ते म्हणाले, "बरा झाला. थय नाक्यार लाँड्रीवाली आसा."

"आहे म्हणजे?" शुभदाने विचारलं.

"आसा. बरी आसा. कोणाक त्रास देना नाय."

आणि पेढा खिशात टाकून निघून गेले.

शुभदाने लाँड्रीवालीची गोष्ट कांबळेबाईंकडून आधीच ऐकलेली होती. त्या रात्री ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सायलीच्या मोबाइलवर शिकागोच्या बातम्या शोधल्या आणि त्या शोधणाऱ्याला कमी पडत नाहीत. तिसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की मुलगी जाणार नाही. मी विम्याच्या माणसासारखा बोलून बघितलं, शक्यता, प्रमाण, बोरीवलीच्या हायवेवर रस्ता ओलांडणं किती धोक्याचं आहे वगैरे. ती म्हणाली, "अहो, हायवेवर मी तिच्याबरोबर असते." सायली दार लावून खोलीत बसली. आणि वरून काकांच्या सपातांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. तो ऐकून माझं डोकं फिरायचं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसला न जाता वर गेलो. जिना चढताना मी वाक्यं जुळवत होतो. म्हाताऱ्या, तुझ्या खुळापायी माझ्या मुलीचं आयुष्य फुकट जातंय. तुझी मुलगी तुला टाकून गेली म्हणून माझी पण घरात बसवतोस काय. हे दुसरं वाक्य मला फार आवडलं होतं. तोंडावर सांगायला मी ते घोळवून तयार ठेवलं होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता. मी दार ढकललं आणि तिथेच थांबलो.

काका भिंतीकडे तोंड करून, हातात नारळ घेऊन उभे होते. अंगात सदरा नव्हता. भिंतीवर कारखान्यातले जुने ड्रॉइंग पेपर पाठकोरे जोडून लावलेले होते, छतापासून कमरेपर्यंत, आणि त्यावर पेन्सिलीने एक शहर काढलेलं होतं. काकांच्या हातचं, म्हणजे गल्लीची रुंदीसुद्धा चुकणार नाही असं. एका बाजूला चौकोन होता, आत लिहिलं होतं हॉस्पिटल. दुसऱ्या बाजूला टॅब्लेटच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेला एक पत्ता चिकटवला होता, पाठवणाऱ्याचा. दोन्हींच्या मधून निळ्या पेन्सिलीची एक रेघ गेली होती. त्या रेघेच्या दोन्ही अंगांना छोट्या फुल्या होत्या आणि प्रत्येक फुलीपाशी बारीक अक्षरात नाव. लाँड्री. बर्फाचा कारखाना. शहरभर फुल्या नव्हत्या. त्या निळ्या रेघेपासून दोनचार गल्ल्यांच्या पलीकडे कोण कसं मेलं, याची काकांनी कधी चौकशीच केली नव्हती.

काका म्हणत होते:

"बा म्हाराजा, शिकागावच्या राखणदारा, तुझा नाव माका गावूक नाय. म्हणान तुझ्या शिवेत जे कोण अवचित मेले, त्यांका हाक मारतंय. लाँड्रीवाले बाये, नाक्यार आसस तशीच ऱ्हव. बर्फाच्या कारखान्यातल्या बाबा, तू पुलाखाली बग. हिरव्या कोटातले बाये, तुझा नाव पोलिसांका गावला नाय, माकाय गावला नाय, चूक पोटात घाल. माझा चेडू आता डूटी सोपवून भायर पडात. वैशाली तेचा नाव. तेच्या वाटेक कोण येत असात तर आडवे व्हा. तेका घराक पोचवा."

हे काय चाललंय ते मला कळत होतं. आमच्याकडे गावी याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. लहानपणी मे महिन्यात गावी जायचो तेव्हा पाहिलेलं. कोणी परगावी राहायला निघालं, की म्हातारा माणूस नारळ घेऊन उभा राहतो आणि त्या गावच्या राखणदाराला, त्या शिवेत अकाली गेलेल्यांनाही सांगतो की आमचं माणूस येतंय, परकं समजू नका, सांभाळा. मागे उभे असलेले सगळे दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हणणारे असावेच लागतात. हुंकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, अशी समजूत आहे. मी चड्डीत असताना मागे उभा राहून हसायचो आणि आजोबांचा मार खायचो.

इथे मागे कोणी नव्हतं. काका थांबले, घसा खाकरला, आणि जरा वेगळ्या, बारीक आवाजात स्वतःच म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मग पुढे सुरू झाले. "आणि म्हाराजा, आमच्या परबाचा चेडू येताहा. सायली नावाचा. शिकूक येताहा. बापूस जरा तिरको आसा, पण तेच्यात चेडवाचो काय दोष नाय."

माझ्या हाताखाली दार कुरकुरलं. काकांनी वळून बघितलं. त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही.

"काका," मी म्हटलं, "वैशाली शिकागोला असते?"

"मगे खय?"

"आम्हांला कधी बोलला नाहीत."

ते भिंतीकडेच बघत होते. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी उपदेश करतो. म्हणालो, "मग तिलाच फोन करा की. हे सगळं कशाला?"

काकांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"तिना थय लगीन केल्यान, तेवा माझ्या दारात येव नको म्हणान मीच तिका सांगलंय. तिची आवस गेली तेवा तिचो फोन इलो. मी उचललंय नाय. आता खयच्या तोंडान सांगू, रात्रीची संबाळून घराक जा म्हणान?" मग भिंतीवरच्या फुल्यांकडे बोट करून म्हणाले, "जित्यांका सांगूचा माका जमला नाय. ह्यांका सांगतंय. थय आता रात्रीचे अकरा वाजले. हॉस्पिटल सुटला असतला."

मी घड्याळाकडे बघितलं. रोज या वेळी हा माणूस बेलला दाद देत नाही, म्हणून सोसायटीच्या सभेत मी तक्रार नोंदवलेली होती.

"ही होती तेवा ही मागे उबी ऱ्हवान व्हय म्हणायची," काका म्हणाले. "आता मीच म्हणतंय. पण आपला आपण म्हटलेला लागत नाय."

माझं ते आवडतं वाक्य जिभेच्या टोकावर होतं, ते मी गिळलं. भिंतीवर चौपन्नाव्या गल्लीतून एक नवी रेघ निघून कॉलेजच्या चौकोनापर्यंत गेली होती, ताज्या पेन्सिलीची. तिच्या बाजूला त्यांनी अजून दोन फुल्या मिळवल्या होत्या. सोमवार ते गुरुवार त्या सपाता माझ्या डोक्यावर कशासाठी फिरत होत्या ते मला समजलं.

"तुझ्या चेडवाचा पुरा झाला नाय. मधेच इलंस," असं म्हणून काका परत भिंतीकडे वळले आणि त्यांनी नारळ उचलला. "तर म्हाराजा, ह्या परबाचा चेडू चौपन्नाव्या गल्लीत ऱ्हवतला. ल्हान आसा. तेका तुमच्या गावचा काय म्हायत नाय. ह्या चेडवाचेर नजर ठेवा. जसा माझा तसाच ह्या समजा. जा मागलंय ता मान्य करून घेवा."

ते थांबले. या खेपेला त्यांनी घसा खाकरला नाही. पाठमोरे तसेच उभे राहिले. मी चपला काढल्या. कोणी बघत नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मग हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

"मोठ्यान म्हण," काका न वळता म्हणाले. "लांब जावचा आसा."

मी मोठ्याने म्हटलं. त्याच वेळी माझ्या मागून आणखी एक आवाज आला. मी भांडायला चाललो म्हणून मला आवरायला शुभदा जिना चढून आली होती, ती उंबऱ्यात उभी होती आणि डोळे मिटून माझ्यापेक्षा मोठ्याने म्हणत होती.